रोवणा, रजा आणि निळी जर्सी

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन महिने आधी विषय दिला होता, ‘करिअर आणि कुटुंब यांचा समतोल’. मी सॉफ्टवेअरमध्ये एकवीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे या विषयावर दरवर्षी एक व्याख्यान होतं आणि ते हमखास शनिवारी ठेवतात. त्यामुळे मी संयोजकांना म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, मी फुटबॉलवर बोलते. ते म्हणाले, ‘दोन्ही जोडून टाका, स्मरणिकेत दोनच पानं आहेत.’ म्हणून हे असं जोडलेलं भाषण आहे. शिवण दिसली तर सांभाळून घ्या.

१९९८ ची आमची दहावीची तुकडी. आपलं मैदान तेव्हा आजच्यापेक्षा मोठं होतं की आपण लहान होतो, देव जाणे. दुपारच्या सुट्टीत खेळलं की पायावर काळी धूळ चढायची. कोळशाच्या खाणीतले बाबा आणि मैदानावरून आलेली मी, आम्ही दोघं एकाच रंगाचे होऊन घरी पोचायचो. आई म्हणायची, ‘एकाले पगार भेटते, तुले का भेटते?’ उन्हाळ्यात चंद्रपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात पीटीचे सर सकाळी साडेपाचला मैदान उघडायचे आणि साडेसातला सगळ्यांना हाकलून द्यायचे.

सरांनी मला मुलांच्या संघात खेळू दिलं. त्यांनी त्याबद्दल काही भाषण वगैरे केलं नाही. एक पोरगा कमी होता, मी कुंपणाशी उभी होते, ते म्हणाले, ‘लेफ्टला उभी राहा आणि बॉल आला की सरळ मार.’ मी अजूनही लेफ्टलाच उभी असते. सर आज समोर बसलेत, ते म्हणतील मला हे आठवत नाही. चालेल सर, मला आठवतं.

फुटबॉल मी तसा शाळेत शिकले नाही, मामाच्या गावी शिकले. चामोर्शी तालुक्यात आमच्या मामाचं गाव आणि शेजारी बंगाली कॅम्प. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना साठच्या दशकात सरकारनं चामोर्शी, मुलचेरा भागात जमिनी दिल्या, त्या वस्त्यांना आम्ही आजही कॅम्पच म्हणतो. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या व्हायच्या. दोन बांध्यांमधला धुरा फोडायला कोणी देत नसे, म्हणून अर्धं मैदान वर आणि अर्धं खाली. तनशीचे दोन ढीग हे गोलपोस्ट. कॅम्पातली पोरं अनवाणी खेळायची आणि आम्ही क्रिकेटवाले त्यांच्यासमोर उभे राहून हरायचो. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही नावं मी सचिनच्या आधी ऐकली असतील, त्या बांधीत.

आता १९९७ चा जुलै. मी दहावीत. विभागीय पातळीवर मुलींचा संघ निवडायचा होता, चाचणी नागपूरला. आपल्या शाळेतून दोघींची नावं गेली. एक माझं आणि एक जिचं, ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलं तर ती उठून जाईल, म्हणून घेत नाही.

आमची गावाकडं तीन एकर धानाची शेती होती. बाबांची खाणीतली पाळी, आजी अंथरुणावर, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. पाऊस उशिरा आला आणि पऱ्हे मोठे झाले. ज्यांना धानाची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पऱ्हे म्हणजे रोपं. ती वेळेत उपटून चिखलात लावावी लागतात, त्याला आम्ही रोवणा म्हणतो. बांधीत पाणी असतं तेवढ्याच दिवसांत ते व्हावं लागतं. चार दिवस गेले की गेले. मजूर बायका त्या चार दिवसांत मिळत नाहीत, कारण सगळ्या गावाला त्या एकाच वेळी हव्या असतात. आई रोवण्याला जाणार, म्हणजे आजी आणि भावाला मी बघायचं. चाचणी नेमकी त्याच दिवसांत.

मी रडले, जेवले नाही, बाबांना मधे घातलं. आई म्हणाली, ‘रोवना सोडून तू चालली नागपूरले? चेंडूच्या मागं धावून का भेटन तुले?’ त्या रात्री विषय संपला. मी गेले नाही. ती दुसऱ्या रांगेतली गेली आणि निवडली गेली.

या गोष्टीचा मी कॉलेजात असताना खूप उपयोग केला. काही बिनसलं की मी मनात म्हणायची, मला तर जाऊच दिलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गणितात लटकले, तेव्हासुद्धा कारण रोवणाच होता! हसू नका, प्रत्येकाकडे असा एक रोवणा असतो. तो किती वापरायचा हे ठरवायला मला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

भारताच्या राष्ट्रीय संघाचं वेड मला लागलं ते मात्र खूप उशिरा. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यातल्या शाळाशाळांतून मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा असा सरकारी कार्यक्रम होता. माझी मुलगी तेव्हा दुसरीत. ती त्या दिवशी घरी आली ती चेंडू काखेत घेऊनच, आणि तो चेंडू तिनं शाळेला परत दिला नाही. मी तिच्याबरोबर नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर एक सामना बघायला गेले आणि परत येताना आम्ही दोघीही कामातून गेलेलो होतो.

मग आम्ही मुलींचा संघ बघायला लागलो. भारताच्या महिला संघाचा इतिहास आपल्याकडे कोणी शिकवत नाही. कोझिकोडला जानेवारी १९८० मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, १९८३ मध्ये बँकॉकलाही पोचला. म्हणजे मी जन्मायच्या आधी आणि मी रांगत असताना आपल्या पोरी आशियात दुसऱ्या होत्या. तेव्हा राष्ट्रीय फुटबॉल महासंघ महिलांचा फुटबॉल बघतही नव्हता, त्यासाठी वेगळी संघटना होती. पुढची घसरण कशी झाली हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे आणि त्यात मी फार चिडते, म्हणून सोडून देते.

२०२२ च्या जानेवारीत आशियाई स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात होती. मुंबई, नवी मुंबई, पुणे. आम्ही घरी निळ्या जर्सी घेऊन ठेवल्या. पहिला सामना इराणशी, शून्य-शून्य. दुसरा सामना चायनीज तैपेईशी २३ जानेवारीला. त्या दिवशी संघातल्या बारा मुलींना कोरोना निघाला, खेळायला तेरा जणीसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि यजमान देश स्पर्धेतून बाहेर. आपल्याच घरी, आपल्याच अंगणात. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. तिनं जर्सी घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

‘राष्ट्रीय संघाशी बांधिलकी’ असं कोणी म्हटलं की आपल्यासमोर खेळाडू येतात. चाहत्यांचीही एक बांधिलकी असते, आणि तिचा हिशेब घरच्यांनाच भरावा लागतो. माझ्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीत मी स्वयंपाकघरात मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून सामना बघितलेला आहे. नवऱ्यानं एकदा विचारलं, ‘तू यांना ओळखत तरी आहेस का?’ मी म्हटलं, ‘तू ज्या क्रिकेटवाल्यांसाठी सुट्टी टाकतोस, ते तुला ओळखतात का?’ तेव्हापासून आमच्याकडे शांतता आहे.

पण खेळणाऱ्यांचं काय होतं, ते मी वाचत गेले. इंजिनिअर माणूस, एक गोष्ट आवडली की तिच्या मुळाशी जाऊन बसतो. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिम्पिक कर्णधार होता तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांमधला. त्याचे वडील धर्मोपदेशक, ते १९३५ मध्ये विषमज्वरानं गेले. मुलानं डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी अशी त्यांची इच्छा होती. हा पोरगा मोहन बागानकडून खेळत होता आणि कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणही घेत होता. १९४२ ला प्रवेश, १९५० ला पदवी. मधे १९४८ चं लंडन ऑलिम्पिक, हातात देशाचा झेंडा. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना, आपली बहुतेक पोरं अनवाणी, दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण २-१ ने हरलो. आर्सेनलनं त्याला बोलावलं होतं आणि तो गेला नाही, अशी गोष्ट सांगतात. डॉक्टर झाला, परत गेला, कोहिमाला सिव्हिल सर्जन झाला, पुढं नागालँडच्या आरोग्य खात्याचा संचालक. मला ही गोष्ट आवडते ती एका कारणासाठी. यात खेळ सोडून घर धरलेलं नाही आणि घर सोडून खेळही धरलेला नाही. आठ वर्षं दोन्ही ओढत नेलं. पदवीला वेळ लागला तर लागला. मला गणितात लटकल्याचं थोडं कमी वाईट वाटलं.

आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर नागपूर. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केलं. तिथली पोरं होमलेस वर्ल्ड कपला भारताच्या संघातून गेली. ‘झुंड’मुळे हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या स्पर्धेचा एक नियम फारसा कोणाला माहीत नसतो. चार-चार जणांचे संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच खेळू शकतो. एकदाच! नागपूरचा अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला भारताचा कर्णधार होता. एक आठवडा देशाची जर्सी, मग परत घर, परत काम, परत तीच गल्ली. बारसे सरांचा मुलगा अभिजित अमेरिकेत होता, तो परत आला आणि वडिलांचं काम सांभाळायला लागला. म्हणजे तिथं घरची जबाबदारी आणि फुटबॉल एकच झाले, ही सोय प्रत्येकाला मिळत नाही. ‘झुंड’मध्ये रिंकू राजगुरूनं केलेली मोनिका आणि तिचा बाप पासपोर्टच्या कागदांसाठी हिंडतात. आपल्या भागातले लोक तो भाग बघताना हसत नाहीत. मी पुण्यात तो सिनेमा पाहिला तेव्हा शेजारचे हसत होते.

आणि लांबचं उदाहरण म्हणजे अमेरिकेची जॉय फॉसेट. तीन मुलींची आई. १९९५, १९९९ आणि २००३ या तिन्ही विश्वचषकांत तिनं एकही मिनिट बाहेर न बसता बचाव केला. पोरी सरावशिबिरात बरोबर. त्या खेळाडूंनी भांडून महासंघाकडून मुलं सांभाळणाऱ्या बाईचा खर्च घेतला. फिफाला हे नियमात लिहायला २०२१ उजाडलं. खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा. आइसलँडची कर्णधार सारा ब्यर्क गुन्नर्सदोत्तिर हिनं लिओं क्लबविरुद्ध दाद मागितली आणि बुडालेला पगार वसूल केला, ८२ हजार युरोंच्या वर. २०२४ मध्ये आणखी भर पडली. दत्तक घेणाऱ्या आईलाही रजा, आणि राष्ट्रीय संघाच्या शिबिरात खेळाडूंना आपल्या मुलांना भेटता यावं यासाठी महासंघांनी सोय करावी, असं सांगितलं गेलं.

एक नियम जुना आहे आणि मला तो फार मजेशीर वाटतो. फिफा वर्षातले काही दिवस राखून ठेवते. त्या दिवसांत राष्ट्रीय संघानं बोलावलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. त्याला ‘विंडो’ म्हणतात. खेळाडूच्या घराला मात्र अशी विंडो नाही. आई आजारी पडण्याची, रोवण्याची, बहिणीच्या लग्नाची विंडो कोणी काढलेली नाही.

म्हणजे कोणीच काढली नाही असं नाही. दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी काढली आहे. ती राज्यापर्यंत खेळली. मग घरी अडचण आली, ती काय हे तिचं ती सांगेल, आणि ती परत आली. आज गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत ती शिकवते आणि मुलींना फुटबॉल शिकवते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. ऑफिसमधे तिच्या टेबलामागं एक तक्ता लावलेला आहे, हातानं आखलेला. मार्च-एप्रिल मोहफुलं, म्हणजे सराव संध्याकाळी, कारण पहाटे मुली मोहाखाली असतात. मे तेंदूपत्ता, सराव बंद. सत्तर पानांचं एक पुडकं, पहाटे तोडायचं, दुपारभर बांधायचं, संध्याकाळी फडीवर मोजून द्यायचं. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशांवर घराचं वर्ष निघतं, तिथं तुम्ही मुलीला पासिंग शिकायला ये म्हणू शकत नाही. जुलैचा शेवट ते ऑगस्ट रोवणा, सराव फक्त वसतिगृहातल्या मुलींचा. नोव्हेंबर कापणी. त्यानंतर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी भरपूर सराव.

मी म्हटलं, ‘अगं, शालेय स्पर्धा तर पावसाळ्यातच सुरू होतात.’ ती म्हणाली, ‘होतात ना. आम्ही हरतो. पण पोरगी परत येते. आधी मी रोज सराव ठेवायची तेव्हा मेमध्ये गेलेली पोरगी जूनमध्ये परत येतच नव्हती.’ मी आयुष्यभर प्रोजेक्टची वेळापत्रकं बनवली, पण असं खरं वेळापत्रक मी पाहिलं नाही. आमच्या वेळापत्रकांत माणसं आजारीसुद्धा पडत नाहीत.

आता यंदाचा जुलै. हे सांगायचं की नाही, मी रात्रभर विचार करत होते.

२ जुलैला आई अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी त्याच संध्याकाळच्या विमानानं पुण्याहून नागपूर, तिथून गाडी करून चंद्रपूर. भाऊ हैदराबादला, त्याला सोमवारपर्यंत निघता येणार नव्हतं. नवरा कामासाठी बंगळूरला. मुलगी पुण्यात, तिच्या मैत्रिणीच्या आईच्या भरवशावर. चार तारखेला आईचं ऑपरेशन झालं. पाच तारीख शनिवार, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. रविवारीच सकाळी सात वाजता माझ्या मुलीची पुण्यात निवड चाचणी होती. पंधरा वर्षांची आहे ती, माझ्यासारखी लेफ्टला खेळते, पण माझ्यापेक्षा फार बरी.

आणि त्याच शनिवारी संध्याकाळी थायलंडमध्ये चियांग माईला भारताचा सामना होता. आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीतला शेवटचा. दोन्ही संघांनी आधीचे तिन्ही सामने जिंकलेले, मंगोलियाला तर आपण तेरा गोल मारले होते. जो जिंकेल तो पुढे, दुसरा घरी. क्रमवारीत थायलंड आपल्या बरंच वर. पात्रता फेरी खेळून भारताचा महिला संघ या स्पर्धेत आजवर कधीच पोचला नव्हता.

आई झोपेच्या गुंगीत होती. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर मोबाईल धरून बसले, आवाज बंद. २९व्या मिनिटाला संगीता बासफोरनं गोल मारला. मी ओरडले नाही, फक्त उभी राहिले, तर सिस्टर धावत आली की काय झालं. मध्यंतरानंतर लगेच ४७व्या मिनिटाला थायलंडनं बरोबरी केली.

तेव्हा मुलीचा फोन आला. मी सामना बघत होते त्याच मोबाईलवर, वरून नाव खाली उतरलं. मी लाल बटण दाबलं. पाच मिनिटांनी परत आला, परत दाबलं. मला वाटलं, सामन्याबद्दल बोलायचं असेल, संपल्यावर निवांत बोलू. तिसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा दाबलं.

आईनं डोळे उघडले. पडद्याकडे बघत म्हणाली, ‘ह्या पोरी कुठल्या?’

म्हटलं, ‘आपल्या आहेत आई. भारताच्या.’

‘लग्नं झालेत का यायचे?’

‘काहींची झाली असतील.’

‘मग इतक्या रात्री यायच्या घरी कोन रांधते?’

मला हसू आलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुले नाही जाऊ देल्लं मी त्या साली.’ अठ्ठावीस वर्षांत आमच्यात हा विषय एकदाही निघाला नव्हता. मला वाटत होतं ती विसरली आहे. मी म्हटलं, ‘जाऊ दे ना आता.’ ती म्हणाली, ‘जाऊ कशाले देऊ? रोवना होता. त्या साली बाबाची दोन महिने पाळी बंद होती, तुले सांगतलं नाही. तो धान नसता तर तुयी फी कुठून भरतो?’

मला हे खरंच माहीत नव्हतं. बाबांना खाणीत लागलं होतं, एवढंच आठवत होतं. पगार थांबला होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी ज्या गोष्टीचा उपयोग करत होते, तिचा अर्धा भाग माझ्याकडे नव्हताच.

७४व्या मिनिटाला संगीता बासफोरनंच दुसरा गोल मारला. २-१. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मी आईचा हात धरून काढली, आणि खरं सांगते, त्यातला निम्मा हात आईसाठी होता आणि निम्मा थायलंडच्या कॉर्नर किकसाठी. शिट्टी वाजली तेव्हा मी रडत होते. सिस्टर परत आली. आईनं तिला सांगितलं, ‘काही नाही झालं, हिच्या पोरी जिंकल्या.’

मग मी मुलीला फोन लावला. तिला बोलायचं होतं ते बुटांबद्दल. तिचे स्टडवाले बूट माझ्या गाडीच्या डिकीत होते. गाडी पुणे विमानतळाच्या पार्किंगमध्ये, पार्किंगची पावती माझ्या पर्समध्ये, चंद्रपुरात. दुसरी चावी देवघराच्या खणात होती, पण ते तिला माहीत नव्हतं. ती पहिल्यांदा फोन करत होती तेव्हा मैत्रिणीचे बाबा घरी होते आणि गाडी घेऊन निघायला तयार होते. मी फोन लावला तोवर ते रात्रपाळीला निघून गेले होते. बाहेर पाऊस.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचे बूट घालून खेळली. एक नंबर मोठे, आत दोन मोजे. निवड झाली नाही. बूट असते तर झाली असती का? कोण सांगणार. ती म्हणते झाली नसतीच, तिच्यापेक्षा चांगल्या मुली होत्या. हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते की खरंच, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘दुसरा गोल तू लाइव्ह बघितलास?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘मी नाही बघितला. मी बूट शोधत होते.’

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी माफी मागितली. तिनं ‘ठीक आहे’ म्हटलं, ते पंधरा वर्षांच्या मुली म्हणतात तसं.

दिवाळीत आम्ही गावी गेलो. आई आता वॉकर धरून चालते. हलका धान कापून झाला होता, दोन बांध्या मोकळ्या होत्या. मुलीनं मामाच्या नातवंडांना गोळा केलं, शेजारच्या कॅम्पातली पोरंपोरी आली. कॅम्पातली एक मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, तिनं माझ्या लेकीला तीनदा हुलकावणी दिली. लेकीच्या पायांत बूट आणि हिच्या पायांत काही नाही. आईची खुर्ची आम्ही धुऱ्यावर ठेवली होती. ती ओरडून म्हणत होती, ‘तनीस तुडवू नका, ढोरायले लागते!’ तनशीचा ढीग गोलपोस्ट होता, तेव्हा ते ऐकणं कोणाला शक्य नव्हतं.

येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई स्पर्धा आहे. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. तोच चायनीज तैपेई, ज्याच्याशी २०२२ मध्ये खेळता आलं नव्हतं. त्याच सुमाराला मुलीची दहावीची परीक्षा, आणि आईला पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं आहे. आमच्या फ्रिजवर आता तीन कागद शेजारी-शेजारी लावलेले आहेत, धानोऱ्याच्या त्या तक्त्याची नक्कल. एका दिवशी पेपर आणि सामना एकावर एक येतील अशी भीती आहे. तेव्हा मोबाईल नवऱ्याकडे राहील, असं लेकीनं ठरवलं आहे. माझ्याकडे नाही. मी सही केली आहे.

कपाटातली जर्सी तिनं काढली, पण ती आता तिला लहान होते. मला होते.

उद्या सकाळी साडेसहाला आपल्याच मैदानावर १९९८ विरुद्ध २००३ असा सामना ठेवला आहे. सर शिट्टी घेऊन येणार आहेत. दुसऱ्या रांगेतल्या बाई आमच्या कर्णधार आहेत. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी खेळायला यावं, ज्यांचे नाहीत त्यांनी ओरडायला यावं. आमच्याकडे एक जण कमी आहे. बूट विसरू नका. मी माझे आणलेत, गाडीच्या डिकीत ठेवलेले नाहीत.